कोपऱ्यावरच्या दुकानातले अबोल प्रेम

नाताळच्या दिवसांत पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या प्रेमपटांमध्ये ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा १९४० सालचा कृष्णधवल हॉलिवूडपट आपले वेगळेपण आजही राखून आहे. त्याची गोष्ट चार वाक्यांत सांगून होते. बुडापेस्टमध्ये चामड्याच्या वस्तू आणि भेटवस्तू विकणारे एक दुकान आहे, आणि तिथला जुना विक्रेता आल्फ्रेड क्रालिक व नव्याने नोकरीला लागलेली क्लारा नोव्हाक यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. दोघेही वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीच्या निमित्ताने कोणा अनोळखी व्यक्तीशी निनावी पत्रव्यवहार करत आहेत आणि पत्रांमधल्या त्या व्यक्तीच्या प्रेमात पडले आहेत. दुकानात दिवसभर ज्याच्याशी खटके उडतात तोच आपला पत्रमित्र आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही. नाताळच्या आदल्या रात्री हे गुपित उलगडते.

अशा गोष्टीवर बेतलेला चित्रपट ‘गोड आहे’ एवढे म्हणून आपण बहुधा मोकळे होतो. मात्र ही गोडी कशातून येते, हे सांगायला गेले की शब्द सापडत नाहीत, कारण या चित्रपटात डोळे दिपवणारे असे काहीच नाही. त्यात भव्य देखावे नाहीत, नायक-नायिकेची गाणी नाहीत, चांदण्यातली भेट नाही, आणि दोघांचे चुंबनसुद्धा अगदी शेवटच्या क्षणी येते. ९९ मिनिटांपैकी बराचसा वेळ आपण काउंटरच्या मागे, गोदामात किंवा मालकाच्या खोलीच्या दारापाशी उभे असतो. भावना न वाढवता, न फुगवता, तरीही पुरत्या पोहोचवण्याची जी रीत आहे, तिला आपण संयत कला म्हणतो. ती नेमकी कशी साधते, हे समजून घ्यायला या चित्रपटाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांचा जन्म १८९२ साली बर्लिनमध्ये झाला. त्यांचे वडील शिंपी होते आणि त्यांचा कपड्यांचा धंदा होता. तरुणपणी लुबिच दिवसा त्या धंद्यात काम करत आणि संध्याकाळी रंगभूमीवर उभे राहत. दुकानातली माणसे गिऱ्हाईक नसताना काय बोलतात, मालक आत येताच कोण कसा सावरून उभा राहतो आणि कोणाच्या हाती झाडू येतो, हे त्यांना ऐकून ठाऊक नव्हते. ते त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. १९२२ साली ते हॉलिवूडला गेले आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतल्या चटपटीत, सूचक विनोदिकांसाठी नावाजले गेले. बंद दार, खुर्चीवर विसरलेली टोपी, एखाद्याची अर्धवट राहिलेली नजर यांतून सगळे काही सांगून टाकण्याच्या त्यांच्या शैलीला ‘लुबिच टच’ असे नावही पडले. या चित्रपटात तीच शैली दिवाणखान्यातून उठून दुकानात येते, आणि माझ्या मते ती इथेच सर्वांत जास्त माणसाळते. लुबिच यांनी स्वतःही १९४७ साली, मृत्यूच्या काही महिने आधी लिहिलेल्या एका पत्रात, वातावरण आणि पात्रे यांच्या खरेपणाच्या बाबतीत आपण या चित्रपटाच्या पुढे कधी गेलो नाही, अशा अर्थाचे म्हटले होते.

मूळ कथा हंगेरियन नाटककार मिक्लोश लास्लो यांच्या १९३७ सालच्या नाटकातली आहे. तिथे दुकान अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधनांचे होते. पटकथाकार सॅम्सन राफेलसन आणि लुबिच यांनी त्याजागी चामडी बॅगा, पाकिटे आणि सिगारेटचे डबे विकणारे दुकान आणले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण तो पुढे फार उपयोगी पडतो, हे लवकरच दिसेल.

चित्रपटाच्या संयतपणाचा पहिला आधार म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. बहुतेक प्रेमपटांत नायक-नायिका काय काम करतात हे नुसते नावापुरते सांगितलेले असते. नोकरी ही त्यांच्या कपड्यांसारखी बदलता येणारी बाब असते. इथे मात्र प्रत्येक पात्राला आपला पगार किती, तो किती दिवस पुरतो आणि तो गेला तर काय होईल, हे पाठ आहे. सुरुवातीलाच सकाळी दुकान उघडण्याची वाट पाहत सगळे नोकर दाराबाहेर जमतात आणि त्यांच्या गप्पांतून आपल्याला दुकानातली उतरंड कळते: मालकाचा लाडका कोण, मालकाला घाबरणारा कोण, कपड्यांवर पैसे उडवणारा कोण. आदल्या रात्री मालकाच्या घरी जेवायला बोलावले गेल्यामुळे क्रालिकचे पोट बिघडलेले आहे, आणि त्या पोटदुखीतही त्याचा मान दिसतो, कारण मालकाच्या पंगतीला बसण्याचे भाग्य इतर कोणाच्या वाट्याला आलेले नाही.

क्रालिकचा सहकारी पिरोविच हा बायको-मुलांचा माणूस आहे. आपल्या अनोळखी पत्रमैत्रिणीशी लग्न करण्याचा विचार मनात येताच क्रालिक त्याच्याकडे जाऊन, आडून आडून, संसाराला खर्च किती येतो ते विचारतो. मग दोघांत घराच्या खोल्यांवरून बोलणे होते. तीन खोल्या हव्यात का? जेवणाची खोली वेगळी कशाला? पाहुणे आले तर? त्यावर पिरोविचचे म्हणणे असे की, खरा मित्र असेल तो जेवून झाल्यावर येतो. नायकाच्या तोंडी प्रेमाचा एकही शब्द या प्रसंगात नाही. तरीसुद्धा हा माणूस मनापासून प्रेमात पडला आहे याची खात्री आपल्याला इथेच पटते, कारण मनातल्या मनात तो भाड्याच्या घराची गणिते मांडू लागला आहे. भावनेचे वर्णन न करता तिचा परिणाम दाखवणे ही संयत लेखनाची पहिली युक्ती आहे, आणि ती इथे इतक्या सहज येते की पहिल्यांदा पाहताना आपण त्याला नुसता विनोद समजून पुढे जातो.

क्लारा कशी येते तेही पाहण्यासारखे आहे. ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे, नोकरी मागायला येते, आणि दुकानात जागा नाही असे तिला सांगितले जाते. त्याच वेळी मालक मातुशेक आणि क्रालिक यांच्यात एका सिगारेटच्या डब्यावरून मतभेद चालू असतो. डबा उघडला की त्यातून एक रशियन सूर वाजतो. मालकाला तो फार आवडला आहे, तर असला माल खपणार नाही असे क्रालिकचे ठाम मत आहे. क्लारा तो डबा उचलते आणि समोर आलेल्या एका स्थूल बाईंना चॉकलेटचा डबा म्हणून विकून टाकते. तिचा युक्तिवाद असा की, दर वेळी सूर वाजला की आपण गरजेपेक्षा जास्त चॉकलेटे खातो आहोत याची आठवण होईल. नोकरी तिला त्याच क्षणी मिळते. त्याच क्षणी क्रालिकचा मालकासमोर पाणउताराही होतो. दोघांमधल्या वैराचे मूळ असे व्यवहारात आहे. एकीला पगार हवा होता, दुसऱ्याची पत गेली. चित्रपट इथे कोणालाही वाईट ठरवत नाही आणि म्हणूनच पुढची सगळी भांडणे आपल्याला पटतात.

हा डबा नंतरही पाठ सोडत नाही. सहा महिन्यांनी, हिवाळ्यात, तो किंमत उतरवून काचेच्या कपाटात पडून असलेला दिसतो, म्हणजे बाजाराच्या बाबतीत क्रालिकच बरोबर होता. पुढे क्लारा तोच डबा आपल्या पत्रमित्राला नाताळची भेट म्हणून द्यायचे ठरवते आणि तोवर खरे काय ते कळलेला क्रालिक हवालदिल होतो. एकाच वस्तूने नोकरी मिळवून दिली, भांडण लावले, आणि शेवटी प्रेमाची भेट होऊन समोर उभी राहिली. पात्रांच्या मनात होत गेलेला बदल मोठ्या संवादांतून सांगण्याऐवजी एका न खपणाऱ्या डब्याच्या प्रवासातून सांगणे, हे लुबिच यांचे कौशल्य.

आता दुसऱ्या आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. कोणाला काय ठाऊक आहे आणि कधी ठाऊक होते, यावर या चित्रपटाची सगळी रचना उभी आहे. सुरुवातीला क्रालिक आणि क्लारा दोघेही अंधारात असतात आणि प्रेक्षकाला मात्र खरे काय ते लवकरच उमगते. गोष्टीच्या मध्यावर क्रालिकला सत्य कळते, क्लाराला कळत नाही. तिथून पुढे दोघांमधला प्रत्येक संवाद दोन पातळ्यांवर चालतो: ती एका नावडत्या सहकाऱ्याशी बोलत असते, तो आपल्या प्रेयसीशी बोलत असतो, आणि आपल्याला दोन्ही ऐकू येते. लेखकाला यामुळे शब्द वाढवण्याची गरजच उरत नाही. ‘बरी आहेस का?’ एवढा साधा प्रश्नसुद्धा भरून येतो, कारण त्याचे उरलेले वजन प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार असते. संयत कलाकृती प्रेक्षकावर विश्वास ठेवते असे म्हणतात, ते याच अर्थाने.

हे सत्य कळण्याचा प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे आणि तो सावकाश पाहायला हवा. ठरल्याप्रमाणे दोघे पत्रमित्र एका कॅफेत रात्री भेटणार आहेत. ओळख पटावी म्हणून ती टॉल्स्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’ या कादंबरीचे पुस्तक आणि लाल कार्नेशनचे फूल घेऊन बसणार आहे. त्याच दिवशी दुकानात मालक विनाकारण क्रालिकवर डाफरत राहतो आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्याला नोकरीवरून काढून टाकतो. निरोपाच्या वेळी कोणी लांबलचक बोलत नाही. शिफारसपत्र हाती पडते, सहकारी गोळा होतात, काय बोलावे ते कोणालाच सुचत नाही. वर्षानुवर्षे बरोबर काम केलेल्या माणसाला अचानक जावे लागते तेव्हा कामाच्या जागी जी अवघडलेली शांतता पसरते, ती ज्याने अनुभवली आहे त्याला या प्रसंगात खोटे काही सापडणार नाही.

बेकार झालेला क्रालिक कॅफेपर्यंत येतो, पण आत जायला त्याचा पाय उचलत नाही. नोकरी नसलेल्या माणसाने लग्नाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने बोलाव्यात? तो पिरोविचला खिडकीतून डोकावून ती मुलगी कशी दिसते ते सांगायला लावतो. पिरोविच पाहतो, पुस्तक दिसते, फूल दिसते, चेहरा दिसतो, आणि मग तो आपल्या मित्राला एकदम धक्का बसू नये म्हणून हळूहळू तयार करू लागतो. मुलगी देखणी आहे, म्हणतो. जराशी नोव्हाकबाईंसारखी दिसते, म्हणतो. आणि नोव्हाकबाई तुला आवडत नसतील तर हीदेखील आवडायची नाही, असेही म्हणतो, कारण ती नोव्हाकबाईच आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की कॅमेरा आपल्याला खिडकीच्या बाहेर, या दोन पुरुषांपाशी उभा ठेवतो. नायकाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी आपल्याला एका सहृदय मध्यमवयीन माणसाच्या मुद्रेवरून कळते. फेलिक्स ब्रेसार्ट या नटाने ती मुद्रा ज्या हळुवारपणे वापरली आहे, तिला तोड नाही.

क्रालिक निघून जातो, पण नंतर परत येतो आणि ओळख न देता कॅफेत शिरतो. क्लारा चिडते, कारण तिचा मित्र कोणत्याही क्षणी येईल आणि हा माणूस नेमका इथे कडमडला आहे. तो तिच्याशी बोलू पाहतो. ती त्याला टाकून बोलते. तुमच्या आत डोकावले तर हृदयाच्या जागी हँडबॅग सापडेल, आत्म्याच्या जागी सुटकेस आणि बुद्धीच्या जागी न पेटणारा लायटर, असे ती त्याला सुनावते. दुकान अत्तराचे असते तर हे वाक्य जन्मालाच आले नसते. संतापाच्या भरातही या मुलीच्या तोंडी येतात त्या दुकानातल्याच वस्तू, आठ-दहा तास हाताळलेला माल. पुस्तकी भाषेत प्रेमपत्रे लिहिणाऱ्या या मुलीचे खरे जग केवढे आहे, ते एका अपमानातून उघड होते. क्रालिक या वाक्याला दाद देतो, त्यातले काव्य आणि त्यातला खवटपणा दोन्ही ओळखतो. पण शेवटी ती त्याला एक क्षुल्लक दुकानी नोकर म्हणते तेव्हा तो गप्प होतो. त्या दिवसापुरती तर त्याच्याकडे ती क्षुल्लक नोकरीही उरलेली नाही. तो उठतो आणि साधा निरोप घेऊन जातो. जेम्स स्ट्युअर्ट यांनी इथे चेहऱ्यावर जवळपास काहीच हलू दिलेले नाही, आणि त्यांच्या एरवीच्या अडखळत्या, उत्साही बोलण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही शांतता फार लागते.

इथून पुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. सत्य कळल्यावरही क्रालिक ते कितीतरी दिवस लपवून ठेवतो. ही फसवणूक झाली नाही का? काही अंशी झाली, असेच माझे मत आहे, आणि शेवटच्या प्रसंगात तो तिला जरा जास्तच वेळ झुलवतो. तरी त्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे. क्लाराचे प्रेम पत्रातल्या माणसावर आहे आणि दुकानातला क्रालिक तिला नकोसा आहे. तो लगेच बोलला असता तर तिला एकाच वेळी दोन धक्के बसले असते आणि पत्रातला माणूसही कायमचा गेला असता. म्हणून तो पत्रातल्या माणसाइतकाच दुकानातला माणूसही तिला आवडेल का, याची वाट पाहत बसतो. चित्रपटाने क्लारालाही न्याय दिला आहे: नाताळच्या आदल्या रात्री ती स्वतःहून सांगते की नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या दिवसांत तिला क्रालिक आवडू लागला होता आणि कादंबरीत वाचलेल्या एका नायिकेचे अनुकरण म्हणून ती त्याच्याशी तुसडेपणाने वागली होती. दोष दोघांत वाटला जातो, आणि मग माफी मागण्याचे वेगळे दृश्य लागत नाही.

मार्गारेट सलव्हन यांनी क्लारा ज्या पद्धतीने साकारली आहे, तिच्यावर एरवी फार कमी लिहिले जाते. त्यांचा आवाज किंचित घोगरा आहे आणि त्या वाक्याच्या शेवटी तो खाली उतरू देतात, त्यामुळे तिचा ताठा आणि तिची भीती एकाच वेळी ऐकू येतात. कॅफेतल्या रात्रीनंतर ती टपाल कार्यालयात पत्रपेटी क्रमांक २३७ पाहायला जाते. लुबिच यांनी इथे कॅमेरा पेटीच्या आत, टपाल कर्मचाऱ्याच्या बाजूला ठेवला आहे. आपल्याला रिकाम्या चौकोनी खणात फक्त एक हातमोजा घातलेला हात शिरताना दिसतो. तो इकडे तिकडे चाचपतो, काही सापडत नाही, मागे जातो. आणि मग त्या चौकटीत वाकून आत पाहणारा तिचा चेहरा येतो. सारा प्रकार काही सेकंदांचा आहे. त्यात रडणे नाही, संवाद नाही. हात आधी आणि चेहरा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे: आशेचा शेवट हाताला आधी कळतो, आणि डोळे ती बातमी खरी करून घ्यायला नंतर येतात. हेच दृश्य बाहेरून, तिच्या बाजूने घेतले असते तर आपण एका दुःखी मुलीकडे पाहिले असते. आतून घेतल्यामुळे आपण त्या रिकामेपणाच्या जागी बसून तिच्याकडे पाहतो.

कपड्यांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. क्लाराच्या भूमिकेसाठी सलव्हन यांनी एक डॉलर ९८ सेंटला तयार झगा विकत घेतला होता, पण गरीब विक्रेतीच्या अंगावर तोही फार नीटस दिसतो असे वाटून लुबिच यांनी तो उन्हात टाकून विटवला आणि अंगाला नीट बसणार नाही असा करून घेतला. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये नायिकेला सुंदर दाखवण्यासाठी स्टुडिओ वाटेल तेवढे पैसे खर्च करत, हे लक्षात घेतले म्हणजे या उलट्या खटपटीचे मोल कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे काय दाखवायचे नाही याची निवड. या हलक्याफुलक्या म्हणवणाऱ्या चित्रपटाच्या मधोमध व्यभिचार आहे आणि आत्महत्येचा प्रयत्नही आहे. मातुशेकच्या मनात संशय असतो की आपल्या पत्नीचे क्रालिकशी संबंध आहेत. क्रालिकवर तो डाफरतो ते त्यामुळे. खासगी गुप्तहेर त्याला सांगतो की माणूस दुकानातलाच आहे, पण क्रालिक नव्हे, तर छानछोकीने राहणारा वादास आहे. एकाच क्षणी मालकाला दोन गोष्टी कळतात: बायको आपली राहिली नाही, आणि मुलासारख्या माणसाला आपण विनाकारण नोकरीवरून काढले. तो स्वतःला संपवायला निघतो आणि निरोप्या पोरगा पेपी वेळेवर पोहोचल्यामुळे वाचतो. ही पत्नी आपल्याला संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. तिचा चेहरा दाखवला असता तर गोष्ट तिच्याकडे झुकली असती आणि आपण तिला दोष देत बसलो असतो. न दाखवल्यामुळे उरतो तो फक्त एका वयस्क माणसाचा एकटेपणा. १९३४ पासून अमेरिकी चित्रपटांवर कडक आचारसंहिता लागू होती आणि अशा विषयांना हात घालताना सगळेच दिग्दर्शक जपून असत. लुबिच यांनी त्या बंधनातून सौंदर्य काढले.

या साऱ्याला काळाची एक पार्श्वभूमी आहे, जी पडद्यावर कुठेच उच्चारली जात नाही. लुबिच हे ज्यू. नाझी सरकारने १९३५ साली त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले होते. ब्रेसार्ट नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आले होते. मूळ नाटककार लास्लो १९३८ साली हंगेरी सोडून अमेरिकेला गेले, आणि त्याच वर्षी हंगेरीत ज्यूंविरुद्धच्या कायद्यांना सुरुवात झाली. चित्रपट जानेवारी १९४० मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा युरोपात युद्ध पेटून काही महिने झाले होते. त्याच वर्षी स्ट्युअर्ट, सलव्हन आणि मातुशेक झालेले फ्रँक मॉर्गन हे तिघे ‘द मॉर्टल स्टॉर्म’ या चित्रपटात नाझी जर्मनीत उद्ध्वस्त होणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट सांगत होते. मग कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेले ते बुडापेस्टचे दुकान, तिथला पेंगो या तेव्हाच्या हंगेरियन चलनातला हिशेब, वेळेवर येणारे नोकर आणि रागीट पण न्यायी मालक यांच्याकडे पाहताना एक जाणीव मनात राहते: ज्या जगाची ही माणसे आठवण काढत होती, ते जग त्याच दिवसांत मोडत होते. चित्रपट त्याबद्दल हळहळ व्यक्त करत नाही. तो फक्त दुकानाचा प्रत्येक खण, प्रत्येक शिडी, प्रत्येक बिलाची वही नीट जागेवर ठेवतो.

नाताळ या चित्रपटात उशिरा येतो, आणि तेही बरेच झाले. सुरुवात उन्हाळ्यात आहे. बर्फ, सजावट आणि गर्दी हे सारे शेवटच्या टप्प्यात आहे. त्या गर्दीचा अर्थही आधी गल्ल्यात मोजला जातो: विक्री कित्येक वर्षांत झाली नव्हती इतकी झाली आहे, मालक इस्पितळातून थेट दुकानात आला आहे आणि नोकरांना बक्षिसाची पाकिटे मिळत आहेत. मग दुकान बंद होते आणि मातुशेक बर्फात दाराबाहेर उभा राहून बाहेर पडणाऱ्या एकेकाला, आज रात्री काय बेत आहे, असे विचारतो. प्रत्येकाचे कुठे ना कुठे जायचे ठरलेले आहे: कोणाची बायको-मुले, कोणाची आई, कोणाची मैत्रीण. श्रीमंत मालकाला जेवायला सोबत नाही हे तो उघड बोलत नाही, आणि इतरांना ते कळत असले तरी तेही बोलत नाहीत. सर्वांत शेवटी बाहेर येतो तो रूडी, नव्याने लागलेला निरोप्या, ज्याचे या शहरात कोणी नाही. मग म्हातारा त्याला जेवणाचे पदार्थ ऐकवू लागतो: सूप, भाजलेले सफरचंद भरलेला हंस, बटाटे, लाल कोबी, काकडीची कोशिंबीर, आणि शेवटी व्हॅनिला सॉस घातलेले सफरचंदाचे स्ट्रूडल. मुलाचे डोळे विस्फारत जातात. दोघे हातात हात घालून निघतात. दया दाखवली जात आहे असे त्या मुलाला वाटू नये आणि मागितली जात आहे असे मालकालाही वाटू नये, म्हणून सारे बोलणे खाण्यापिण्याभोवती ठेवले आहे. नायक-नायिकेच्या मीलनाआधी दिग्दर्शकाने हा प्रसंग ठेवला, यात त्याची माणसांविषयीची सारी समज दिसते. प्रेमाची गोष्ट पुरी व्हायची तर आधी त्या दुकानातल्या सर्वांत एकट्या माणसाची सोय लागली पाहिजे, असे जणू त्याने ठरवले आहे.

राहिलेली जोडी मग अंधाऱ्या दुकानात एकमेकांसमोर येते. क्रालिक तिला आधी खोटेच सांगतो की तिचा पत्रमित्र त्याला भेटून गेला, तो लठ्ठ आहे, टक्कल पडलेला आहे आणि सध्या बेकार आहे. मग तो कोटावर लाल कार्नेशन लावतो. यानंतर क्लारा काय म्हणते? ती त्याला पँट जराशी वर करून दाखवायला सांगते, कारण त्याचे पाय फेंगडे आहेत की काय, याची तिला खात्री करून घ्यायची आहे. तो निमूटपणे दोन्ही पाय दाखवतो. सगळे पत्रव्यवहार, टॉल्स्टॉय आणि आत्म्याच्या गोष्टी झाल्यावर शेवटी प्रश्न येतो तो नवऱ्याच्या पायांचा. आणि या प्रश्नामुळे पत्रातला माणूस आणि दुकानातला माणूस एकदाचे एका शरीरात येऊन उभे राहतात.

या कथेचे पुढे बरेच अवतार झाले: १९४९ साली ती शिकागोतल्या वाद्यांच्या दुकानात गेली, १९६३ साली ब्रॉडवेवर ‘शी लव्हज मी’ या संगीत नाटकात पुन्हा अत्तराच्या दुकानात आली, आणि १९९८ साली टॉम हँक्स व मेग रायन यांच्या ‘यू हॅव गॉट मेल’मध्ये पत्रांची जागा ई-मेलने घेतली. शेवटचा चित्रपट आपल्याकडे पुष्कळांनी पाहिला आहे आणि तो मनोरंजक आहेच. मात्र त्यातला नायक पुस्तकांच्या मोठ्या साखळीचा वारस आहे आणि नायिकेचे छोटे दुकान त्याच्यामुळेच बंद पडते. तिच्या पोटावर पाय येतो, त्याच्या नाही. मूळ चित्रपटात दोघेही एकाच मालकाचे नोकर, एकाच भीतीत जगणारे होते. ती बरोबरी गेली की त्याच गुपिताला वेगळीच चव येते.

ज्यांनी मूळ चित्रपट पूर्वी पाहिला आहे, त्यांनी पुन्हा पाहताना नजर पिरोविचवर ठेवून पाहावे, असे मी सुचवेन. मालकाने ‘मला तुमचे प्रामाणिक मत हवे आहे’ असे म्हटले रे म्हटले की हा गृहस्थ जिन्यावरून किंवा दारातून नाहीसा होतो, आणि हा विनोद प्रत्येक वेळी हसवतो. त्यामागे दोन मुलांच्या बापाची सावधगिरी आहे. पण कॅफेच्या खिडकीत डोकावल्यापासून क्रालिकखेरीज हे गुपित ठाऊक असलेला तो एकटाच माणूस आहे. दोघांच्या मधल्या काउंटरवर तो रोज उभा राहतो, क्लाराने सूर वाजवणारा डबा घेऊ नये म्हणून क्रालिकच्या सांगण्यावरून तिचे मन पाकिटाकडे वळवतो, आणि एवढे मोठे गुपित पोटात ठेवून गिऱ्हाइकांना माल दाखवत राहतो.